एका पेनीचा प्रेक्षक



सेमाडोहसारख्या जंगलातल्या गावी राहून मजुरांची संघटना बांधणाऱ्या माणसाने शेक्सपिअरच्या काळच्या नाटकगृहावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. शेक्सपिअरच्या काव्यावर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. तो त्यांच्याकडेच राहू द्या. मी बोलणार आहे तिकिटावर. नाटक पाहायला कोण आले, काय देऊन आले आणि कामातून सुटून कसे आले, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

इ. स. १५७६ मध्ये जेम्स बर्बेज नावाच्या गृहस्थाने लंडन शहराच्या हद्दीबाहेर शोअरडिच येथे ‘द थिएटर’ या सरळसाध्या नावाचे नाटकगृह उभारले. हा बर्बेज मूळचा सुतार. त्यापूर्वी नाटके सरायांच्या चौकात नाहीतर सरदारांच्या दिवाणखान्यात होत. १५७२ च्या कायद्याप्रमाणे सरदाराचा आश्रय नसलेला नट भटक्या-भिकाऱ्यांत जमा होई आणि शिक्षेस पात्र ठरे. अशा काळात केवळ नाटकासाठी इमारत बांधायची आणि जो पैसा देईल त्याला आत घ्यायचे, ही मोठीच गोष्ट होती. पुढे थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर १५८७ साली ‘रोझ’ आणि १५९९ साली ‘ग्लोब’ ही नाटकगृहे उभी राहिली. ‘ग्लोब’साठी वापरलेली लाकडे बर्बेजच्या जुन्या नाटकगृहाचीच! जागामालकाशी तंटा झाला तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात नटमंडळींनी सुतार लावून अख्खे नाटकगृह उसकटले आणि ते सामान पुढे नदीपार नेले.

आता आपण त्या प्रेक्षकाबरोबर आत जाऊ. दुपारचे दोन वाजत आले आहेत. नाटकगृहावर निशाण फडकते आहे; आज खेळ आहे, ही त्याची खूण. नदीवर पूल एकच. ऐपतदार नावेतून येतात, बाकीचे पुलावरून पायी. थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी १५९९ साली लंडनला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की एक पेनी दिली की अंगणात उभे राहता येई. बसायचे तर दुसऱ्या दारात आणखी एक पेनी, आणि गादीवर चांगल्या जागी बसायचे तर तिसरी पेनी. दारावरचा माणूस ही नाणी मातीच्या बंद डब्यात टाकून घेई. १९८९ साली ‘रोझ’ची जागा खणली तेव्हा त्या डब्यांची खापरे सापडली आणि हेझल नावाच्या फळाच्या टरफलांचा खच सापडला. आपल्याकडे नाटकाच्या मध्यंतरात शेंगा खातात, तिथे ही फळे खात.

त्या वेळी लंडनच्या मजुराची दिवसाची कमाई दहा-बारा पेनी होती. एक पेनी म्हणजे कमाईचा दहावा-बारावा हिस्सा. आज दिवसाला चारशे रुपये मिळवणाऱ्या माणसाने पस्तीस-चाळीस रुपयांत नाटक पाहावे, असा हा हिशेब. अंगणात डोक्यावर छप्पर नसे. पाऊस आला तर अंगावर घ्यायचा. पण रंगमंच त्या अंगणातच पुढे आलेला असल्यामुळे नटाच्या सर्वांत जवळ हा एका पेनीचा प्रेक्षक असे. शिकाऊ कारागीर, हमाल, नावाडी, शिपाई, बायकासुद्धा त्या गर्दीत असत.

मित्रहो, संघटनेची वर्गणी गोळा करताना माझा एक अनुभव आहे. ज्याने वर्गणी दिली तो सभेत उठून प्रश्न विचारतो. रक्कम थोडी असेना, डब्यात आपले नाणे पडले की माणसाची मान ताठ होते. त्या अंगणातल्या प्रेक्षकाचेही तसेच होते. नाटक आवडले नाही तर तो हुर्यो करी. आवडले तर उद्या चौघांना घेऊन येई. तो सरदाराच्या घरी बोलावलेला पाहुणा नव्हता, त्याने दाम मोजला होता. म्हणून लिहिणाऱ्याला त्याचा विचार करावाच लागे. राजाच्या दुःखाशेजारी थडगे खणणाऱ्याचा विनोद येतो तो उगाच येत नाही. आणि लिहिणारे तरी कोण? शेक्सपिअर हातमोजे करणाराचा मुलगा; बेन जॉन्सनने तरुणपणी गवंडीकाम केलेले.

पण पेनी असून भागत नाही, वेळ लागतो. खेळ दुपारी, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. १५९७ साली लंडनच्या महापौरांनी राणीच्या मंत्रिमंडळाकडे नाटकगृहांविरुद्ध लेखी तक्रार केली. तिच्यात इतर आरोपांबरोबर हेही होते की नाटकांपायी शिकाऊ मुले आणि नोकर काम टाकून जातात. नीतीच्या गोष्टी बोलणाऱ्यांचे एक बोट बहुधा मजुरीच्या हिशेबावर असते!

आता आपल्याकडे पाहू. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीला पहिला खेळ केला तो संस्थानिकांच्या आश्रयाने. चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले, आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजवाड्यातून तिकिटाच्या खिडकीपर्यंतचा हा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींनी हॅम्लेट उभा केला, आणि कॉलेजातला शेक्सपिअर पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचला.

आपली नाटके मात्र रात्रीची. गिरणीत दिवे येण्यापूर्वी मजुराचा दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. ज्याला पहाटे भोंग्याबरोबर उठायचे, त्याने रात्रभराचे नाटक कसे पाहावे? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण ती विश्रांतीची सुटी म्हणून ओळखतो. मी तिला मराठी रंगभूमीच्या इतिहासातली तारीखही म्हणतो. १९३४ च्या कायद्याने कामाचा दिवस दहा तासांवर आला, १९४६ च्या दुरुस्तीने नऊ तासांवर. सुटलेला एकेक तास कुठे गेला? काही दशावतारात गेला, काही तमाशात, काही चाळीतल्या हौशी नाटकात. १९२२ साली परळला सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह उभे राहिले, ते गिरणगावाच्या मधोमध. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. कालपर्यंतचा प्रेक्षक रंगमंचावर चढला.

लंडनच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. १६०९ च्या सुमारास शेक्सपिअरच्या मंडळीने ब्लॅकफ्रायर्सचे बंदिस्त नाटकगृह चालवायला घेतले. तिथे छप्पर होते, मेणबत्त्यांचा प्रकाश होता आणि कमीत कमी दर होता सहा पेनी. नाटकगृह सुखाचे झाले आणि एका पेनीचा माणूस दाराबाहेर राहिला. १६४२ साली पार्लमेंटने सगळीच नाटकगृहे बंद केली. ‘ग्लोब’ १९९७ साली लंडनला पुन्हा उभे राहिले, तेव्हा अंगणातल्या उभ्या प्रेक्षकाचे स्वस्त तिकीट त्यांनी आठवणीने ठेवले.

आपले दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नवी वास्तू केव्हाही होवो, कशीही होवो. मी तिथे खुर्च्यांची गादी पाहणार नाही, शेवटच्या रांगेचा दर विचारीन.

आमच्या सेमाडोहला नाटकगृह नाही. होळीनंतर मेघनाथाची जत्रा भरते, कोरकू माणसे ढोलावर नाचतात; तिथे नाचणारा आणि पाहणारा यांच्यात भिंत नसते. पण नाटक पाहायचे तर घाट उतरून परतवाडा, अमरावती गाठावी लागते. एसटीचे भाडे, रात्रीचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज केली तर तिकीट हाच सर्वांत लहान आकडा निघतो. म्हणून नुसते तिकीट स्वस्त करून आमच्या माणसाचे भागणार नाही.

आपल्या शहरात नाटकमंडळी येतात, हौशी संस्थाही आहेत. त्यांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे. वर्षातून दोन-तीन खेळ सुटीच्या दिवशी दुपारी लावा, म्हणजे खेड्यातला माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. आणि दर ठरवताना एक रांग अशी ठेवा की तिचे तिकीट मजुराच्या दिवसाच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसेल. चारशे वर्षांपूर्वी एका सुताराच्या नाटकगृहाला जे परवडले, ते आपल्याला न परवडण्यासारखे नाही.