‘दादा, मोबाईल खाली घ्या’

बसमध्ये असाल तर हेडफोन लावा. आज विषय जरा वेगळा आहे, पण सुरुवात आपल्या घरापासूनच करू.

आपल्या जुन्नर-आंबेगावात ‘पेशंटला ससूनला हलवलंय’ एवढं ऐकलं तरी घरातले सगळे गप्प होतात. मंचरला, नारायणगावला जमलं नाही की गाडी थेट ससूनला निघते. पण हा ससून कोण? डेव्हिड ससून. बगदादहून मुंबईत आलेला ज्यू व्यापारी. त्याच्या देणगीतून ते रुग्णालय उभं राहिलं. पुण्याच्या कॅम्पातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही त्यानेच बांधायला घेतलं. १८६७ मध्ये ते पूर्ण झालं. लाल विटा, उंच मनोरा; पुणेकरांनी नाव ठेवलं ‘लाल देऊळ’. ससूनची कबर त्याच आवारात आहे.

आणि ज्यू म्हणजे फक्त बाहेरून आलेले, असंही नाही बरं का. कोकणातले बेने इस्रायली शेकडो वर्षांपासून इथले. घरात मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर अशी. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. म्हणजे ही आपलीच माणसं.

तर झालं असं. मी आणि माझा मित्र पुण्यातलं एक सिनेगॉग बघायला गेलो. गेटसमोर मित्राने मोबाईल वर केला, तेवढ्यात वॉचमन म्हणाला, “दादा, मोबाईल खाली घ्या. फोटो नको. ओळखपत्र आहे का? येणार म्हणून आधी कळवलं होतं का?” आम्ही काहीच कळवलं नव्हतं. परत फिरलो. मित्र चिडला होता. “लेण्याद्रीला, ओझरला कुणी असं विचारतं का? आपण काय चोर आहोत?” खरं सांगतो, मलाही राग आला होता.

पण एसटीत बसल्यावर फोनवर वाचत गेलो आणि राग उतरला.

२६ नोव्हेंबर २००८. मुंबई हल्ल्यात कुलाब्याच्या नरीमन हाऊसमध्ये अतिरेकी घुसले. तिथे छबाड हाऊस होतं, म्हणजे ज्यू प्रवाशांना प्रार्थना, जेवण आणि मुक्कामाची सोय असलेलं ठिकाण. ते चालवणारे गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग मारले गेले. त्यांचा जेमतेम दोन वर्षांचा मोशे वाचला, कारण त्याला सांभाळणाऱ्या सॅन्ड्रा सॅम्युअल यांनी त्याला उचलून बाहेर आणलं. मरण आलं ते फक्त त्या घरापुरतं नव्हतं. शेजारच्या इमारतींतले लोकही गेले.

आणि या हल्ल्याची तयारी कशी झाली? डेव्हिड हेडली नावाचा माणूस पर्यटक बनून मुंबईत फिरला आणि त्याने ठिकाणांचे व्हिडिओ काढले. पुढे २००९ मध्ये त्याने भारतातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या छबाड हाऊसचीही टेहळणी केली. अमेरिकेच्या कोर्टात त्याने हे कबूल केलं. म्हणजे बंदूक नंतर आली, आधी आला कॅमेरा. आता सांगा, हातात मोबाईल घेतलेल्या दोन अनोळखी पोरांना त्या वॉचमनने काय म्हणायला हवं होतं?

आपण उसाच्या कडेला राहणारी माणसं. वनखात्याच्या माणसाने बांधावर अडवून “पुढं बिबट्या आहे, जाऊ नका” म्हटलं, तर आपल्याला अपमान वाटतो का? नाही. कारण भीती काय असते ते आपल्याला माहीत आहे. गेटवरचा प्रश्नही तसाच. तो आपल्यावरचा आरोप नसतो.

मग आपण काय करायचं? पहिलं, अशा ठिकाणी जायचं तर आधी फोन करून विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा. दुसरं, फोटो परवानगीनेच. गेट, पहारेकरी, सीसीटीव्ही, लोक कधी जमतात ती वेळ, यातलं काहीही स्टोरीवर टाकू नका. तिसरं, बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, लांब व्हा, ११२ ला फोन करा. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. छबाड हाऊस जवळच होतं, पण बळी पडले ते बेकरीत बसलेले लोक. चौथं, संशय घ्यायचा तो वागण्यावरून. दाढी, टोपी किंवा नावावरून नाही. नाहीतर एका समाजाला जपताना दुसऱ्याला दुखावून बसाल. आणि खात्री नसलेलं फॉरवर्ड करू नका. बिबट्याचे जुने व्हिडिओ फिरले की गावात काय गोंधळ होतो, ते आपण बघतोच.

शेवटचं जरा स्पष्ट बोलतो. इस्रायल आणि गाझाबद्दल तुमचं मत काहीही असू दे, ते मांडायचा तुम्हाला हक्क आहे. पण त्याचा राग पुण्यातल्या, अलिबागच्या मराठी ज्यू माणसावर कमेंटमध्ये काढायचा नाही. धमकीची सुरुवात तिथूनच होते.

भिंती, कॅमेरे, पोलीस, सगळं हवंच. पण मोशेला बाहेर आणलं ते एका माणसाने.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी फोन केला होता. वॉचमनने आधार बघितलं आणि म्हणाला, “या, चपला इथं काढायची गरज नाही.” मित्र हसला. मोबाईल मात्र त्याच्या खिशातच होता.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि शेजाऱ्यांचीही घ्या.