चंद्राची तारीख, मृगाचें साल

सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूस, शहापूर तालुक्यांत डोळखांब हें गांव आहे. तेथील किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्याला वर्षाचा आरंभ केव्हां होतो असें विचारलें, तर पंचांगाप्रमाणें तो पाडवा सांगेल. पण त्याच्या कामाचें वर्ष मृग निघाला कीं सुरू होतें. राब भाजून झालेले असतात, पहिल्या पावसाकडे डोळे लागलेले असतात, आणि भात, नागली, वरई यांचें सगळें गणित त्या एका नक्षत्रावर बसविलेलें असतें. जुन्या मराठी कागदांवरील तारखा ज्याला समजून घ्यावयाच्या आहेत, त्यानें हें मृगाचें वर्ष प्रथम ध्यानांत ठेवावें.

या मुलुखानें अनेक राज्यें पाहिलीं. याच तालुक्यांतील माहुलीच्या किल्ल्यावर इ. स. १६३६ मध्यें शहाजीराजांना वेढा पडला व निजामशाहीचा शेवट झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें माहुली मोंगलांकडे गेला आणि १६७० मध्यें मराठ्यांनीं तो परत घेतला. राज्यें बदललीं, तरी कागदावर तारीख घालण्याची दफ्तरी रीत पेशवाईच्या अखेरपर्यंत टिकून राहिली. तींत दिवस व महिना मुसलमानी असे, आणि वर्ष बहुधा सुहूर सनाचें असे. हे दोन भाग दोन निरनिराळ्या घड्याळांवरचे आहेत, हें विसरल्यामुळेंच बहुतेक घोंटाळे होतात.

पहिलें घड्याळ चंद्राचें. हिजरी सनाचे महिने बारा: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद आणि जिल्हेज. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली कीं महिना सुरू होतो. महिना कधीं एकोणतीस दिवसांचा तर कधीं तीस दिवसांचा असतो आणि वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें होतें. गणितासाठीं तीस वर्षांचें एक चक्र धरतात. त्यांतील अकरा वर्षांत एकेक दिवस अधिक घालतात, म्हणजे चक्राचे एकंदर १०,६३१ दिवस होतात. चांद्र महिने हिंदु पंचांगांतही आहेत. परंतु तेथें अधिक मास घालून ऋतूंचा मेळ राखला जातो. हिजरी सनांत अधिक मास वर्ज्य आहे. त्यामुळें तें वर्ष दरसाल अकरा दिवसांनीं मागें सरतें आणि सुमारें तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतें. रमजान कधीं कडक उन्हाळ्यांत तर कधीं थंडींत येतो, त्याचें कारण हेंच.

उपासनेला अशा फिरत्या वर्षाची अडचण नाहीं; सारावसुलीला मात्र आहे. तेहेतीस चांद्र वर्षें होतात तेवढ्या काळांत पिकें बत्तीसच निघतात. चांद्र वर्षाप्रमाणें सारा मागितला, तर रयतेनें न पिकलेल्या एका वर्षाचा सारा कोठून द्यावा? म्हणून दख्खनेंत सौर वर्षाचा सन निघाला. हिजरी ७४५ म्हणजे इ. स. १३४४ हें वर्ष मूळ धरून, त्यापुढें हिजरीचा आंकडा तसाच ठेवला, पण वर्षाचा आरंभ सूर्याच्या मृग नक्षत्रांतील प्रवेशाशीं बांधून टाकला. हाच सुहूर सन. त्यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. पुढें शहाजहानच्या काळीं १६३६ सालापासून दक्षिणेंत फसली सनही याच तत्त्वावर चालू झाला. तो सुहूर सनाच्या नऊ वर्षें मागें असतो.

सुहूर सनाचे आंकडे अरबी शब्दांत लिहितात आणि एकं प्रथम येतात. अहद अथवा इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पांच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. अशर म्हणजे दहा. पुढें अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐशीं, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशें आणि अलफ हजार. तेव्हां ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला या आंकड्यांत ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. ११६१ हें साल १७६० च्या जूनपासून १७६१ च्या जूनपर्यंतचें, म्हणजे पानिपतचें.

हिजरी सनालाही ढोबळ हिशेब आहे. सनाच्या आंकड्याला ३३ नें भागावें, आलेला भागाकार मूळ आंकड्यांतून वजा करावा व ६२२ मिळवावे. हिजरी ११७४ घेतलें तर भागाकार सुमारें साडेपस्तीस येतो. तो वजा जातां अकराशें साडेअडतीस राहतात, आणि ६२२ मिळवून १७६० येतात. गणितानें हिजरी ११७४ चा मोहरम १३ ऑगस्ट १७६० रोजीं सुरू होतो. तिथीचाही पडताळा सोपा आहे. शुद्ध पक्षांतील तिथींतून एक वजा केला, किंवा वद्य तिथींत चौदा मिळविले, कीं मुसलमानी तारीख जवळजवळ येते. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८, बुधवार, १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. गणितानें त्या दिवशीं जमादिलाखरची सातवी तारीख येते.

आतां खरी अडचण. मुसलमानी तारखेमागें मराठी लेखक ‘छ’ हें अक्षर घालीत. समजा, एका पत्रावर ‘छ २५ सवाल’ अशी तारीख आहे आणि साल इहिदे सितैन मया व अलफ आहे. वाचणाऱ्याला वाटेल कीं दिवस, महिना व वर्ष तिन्ही मिळालीं, आतां शंका कसली? परंतु एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत दिवस ३६५ असतात आणि चांद्र वर्षाचे ३५४. म्हणजे प्रत्येक सुहूर सनांत अकरा चांद्र तारखा दोनदां येतात, एकदां सालाच्या आरंभीं आणि एकदां अखेरीस. ११६१ सालीं २५ सवाल प्रथम १० जून १७६० रोजीं आला आणि पुन्हां ३० मे १७६१ रोजीं आला.

या दोन दिवसांच्या मध्यें पानिपत आहे. पहिल्या दिवशीं भाऊसाहेबांची फौज उत्तरेच्या मोहिमेवर आहे आणि विश्वासराव हयात आहेत. दुसऱ्या दिवशीं दोघेही राहिलेले नाहींत आणि नानासाहेब पेशव्यांचा अंत अवघ्या चोवीस दिवसांवर, २३ जून १७६१ वर येऊन ठेपला आहे. त्याच पत्रांत फौजेच्या खर्चाची मागणी असली, तर पहिल्या अर्थानें ती आशेची ठरते आणि दुसऱ्या अर्थानें निराशेची. वतनाचा वाद असला, तर कोणाची सनद आधींची आणि कोणाची नंतरची, हें सर्वस्वीं उलटतें. अशा वेळीं पत्रांत वार दिला आहे काय तें पाहावें. १० जून १७६० रोजीं मंगळवार होता, ३० मे १७६१ रोजीं शनिवार. वार नसेल तर मजकुरांतील माणसें व प्रसंग यांवरून निर्णय करावा. आणि तोही होत नसेल तर दोन्ही तारखा नोंदवून स्वस्थ राहावें. एक खोटी तारीख ठामपणें छापली, कीं ती पुढच्या दहा ग्रंथांत शिरते.

दुसरा खांचखळगा दिवस कोठें सुरू होतो याचा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, हिजरी तारीख सूर्यास्ताला आणि इंग्रजी तारीख मध्यरात्रीं. शिवछत्रपति सिंहासनावर बसले तेव्हां जेधे शकावलीप्रमाणें तीन घटका रात्र उरली होती. पंचांगानें तो शुक्रवारच होता; इंग्रजी गणनेनें मध्यरात्रींच शनिवार लागला होता आणि हिजरी १०८५ च्या रबिलावलची बारावी तारीख आदल्या सूर्यास्तालाच लागली होती. एकाच क्षणाचे दोन वार झाले, आणि दोन्ही बरोबर.

तिसरा खळगा इंग्रजी तारखेंतच आहे. राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ ही जुन्या जूलियन पद्धतीची. नव्या ग्रेगोरियन पद्धतीनें ती १६ जून होते. इंग्रजांनीं नवी पद्धति १७५२ मध्यें घेतली, पोर्तुगीजांनीं ती १५८२ मध्येंच स्वीकारली होती. म्हणून सतराव्या शतकांत वसईकर पोर्तुगीज आणि मुंबईकर इंग्रज एकाच दिवशीं पत्र लिहीत, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचें अंतर पडे. ठाणें जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यापुढें हे दोन्ही कागद शेजारीं शेजारीं येतात.

हें सारें गणित रोज करावें लागूं नये म्हणून जंत्र्या झाल्या. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री मराठी संशोधकांच्या नित्य उपयोगाची ठरली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ मध्यें ‘इंडियन कॅलेंडर’ प्रसिद्ध केलें व त्यांत हिजरी सनाचींही कोष्टकें दिलीं. परंतु कोष्टक सरासरी चंद्रावर चालतें, आणि महिना सुरू होतो तो डोळ्यांना दिसलेल्या चंद्रावर. आकाश ढगांनीं भरलें असेल तर कोर एका गांवीं दिसते, दुसऱ्या गांवीं दिसत नाहीं. म्हणून जंत्रींतील तारखेंत एक दिवस मागेंपुढें होण्यास जागा ठेवावी लागते.

तेव्हां जुना कागद हातीं आल्यावर क्रम असा ठेवावा. प्रथम सनाचे शब्द सोडवून मृगाचें साल ठरवावें. नंतर त्या सालांत ती चांद्र तारीख एकदां येते कीं दोनदां तें पाहावें. मग वार व तिथि यांचा पडताळा घ्यावा आणि इंग्रजी तारीख लिहितांना ती जुन्या पद्धतीची कीं नव्या, तें स्पष्ट नमूद करावें. एवढी दक्षता घेतली, तर डोळखांबच्या एखाद्या घरांतील जीर्ण मोडी कागदही आपला दिवस बिनचूक सांगेल.