चाकांचे बूट आणि सावधपणाची सवय

(अजिंठा येथील शिक्षण परिषदेतील भाषण)



एका ओळीत चाके बसविलेले बूट घालून धावण्याचा खेळ, ज्यास मुले स्केटिंग म्हणतात, तो आता केवळ मोठ्या शहरांचा राहिलेला नाही. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळातील ३००० मीटरच्या सांघिक शर्यतींत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी कांस्यपदके मिळविली. तेव्हा उद्या आपल्या वर्गातील एखाद्या मुलाने असे बूट आणले, तर नवल वाटू नये. खेळास मज्जाव करणे हे आपले काम नव्हे. तो सुरक्षित रीतीने खेळावयास शिकविणे हे आहे.

तोल जाताच मनुष्य आपोआप हात पुढे टाकतो आणि साऱ्या देहाचा भार मनगटावर येतो. अमेरिकेतील संशोधकांनी या खेळात जखमी झालेल्या १६१ जणांची पाहणी १९९६ साली प्रसिद्ध केली. तीत मनगटाच्या दुखापती सर्वांत अधिक होत्या, आणि मनगटपट्टा न बांधणाऱ्यास ती होण्याचा संभव सुमारे दहापट आढळला. लिहिणारा हात प्लास्टरमध्ये गेला, म्हणजे मुलाची वही कित्येक आठवडे मिटलीच.

म्हणून चार वस्तू आवश्यक समजाव्यात: डोक्यास हेल्मेट, आणि मनगट, कोपर व गुडघे यांस पट्टे. हेल्मेट कपाळावर सरळ बसावे व त्याचा बंद हनुवटीखाली आवळलेला असावा. हे सारे बांधून झाल्यावाचून मुलाने उभे राहू नये. प्रथम थांबावयास व गुडघे वाकवून पडावयास शिकवावे, वेग मागाहून. जागा सपाट, कोरडी व खडीविरहित पाहावी. आपल्या गावावरून जळगावचा हमरस्ता जातो व पुढे घाट उतरतो. तेथे हा खेळ कदापि होऊ देऊ नये.

तथापि मुले आपल्या बोलण्याहून आपले वागणे अधिक बारकाईने पाहतात. मोटारसायकलवर चार वर्षांवरील प्रत्येकाने हेल्मेट घातले पाहिजे, असे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा सांगतो. ते हँडलला अडकवून शाळेत येणाऱ्या गुरुजींनी सुरक्षिततेचा पाठ कितीही रंगवून सांगितला, तरी मुले हँडलचाच पाठ गिरवतील.

मुलाने कोणी न सांगता स्वतःच्या हाताने बंद आवळला, म्हणजे हा धडा पुरा झाला असे समजावे. त्याचा आरंभ आपण उद्या सकाळी शाळेस निघतानाच करू या.