सातवीचं वर्ष
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१ मे नुकताच होऊन गेला. झेंडावंदन झालं आणि मुलांच्या हाती प्रगतिपत्रकं पडली. सातवीच्या पत्रकात नऊ विषय असतात: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, कार्यानुभव, आरोग्य व शारीरिक शिक्षण. प्रत्येकापुढे एक श्रेणी. घरीही पत्रक तसंच वाचलं जातं, एकेक ओळ करत. गणितात ब-१ का? हिंदी बरं आहे की! मी बरीच वर्षं सातवीच्या वर्गावर शिकवलं, आणि मला आज एवढंच सांगायचं आहे की त्या वर्षात मूल जे सर्वांत मोलाचं शिकतं, त्यासाठी या पत्रकात ओळच नाही. ते नऊही विषयांत विखुरलेलं असतं.

सहावीपर्यंत मुलाचा व्यवहार बराचसा हाताला लागणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी असतो. सातवीत एकदम न दिसणाऱ्या गोष्टींची गर्दी होते. भूगोलात हवेचा दाब येतो, विज्ञानात पेशी येते, गणितात ऋण संख्यांचा गुणाकार आणि अक्षरांची बेरीज येते, नागरिकशास्त्रात संविधान येतं. समोच्च रेषा घ्या. सह्याद्रीत कुठल्याही डोंगरावर चढा, ती रेषा आखलेली सापडणार नाही. तरी नकाशावर त्या रेषा एकमेकींना खेटून आल्या की तिथे कडा आहे, हे तेरा वर्षांच्या मुलानं घरी बसून ओळखायचं असतं. जे दिसत नाही ते मोजून, ताडून, मांडून खरं करायचं, हा त्या वर्षाचा खरा अभ्यासक्रम आहे.

उदाहरण ऋतुनिर्मितीचं घेते. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात हा धडा दोन भागांत येतो, एक वर्षाच्या आरंभी आणि दुसरा मध्यावर. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण हा विषय एका तासिकेत शिकवताच येत नाही. पुण्याच्या एखाद्या शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. २१ जूनला भर मध्यान्ही तिची सावली जेमतेम नऊ सेंटिमीटर पडते, आणि ती पडते दक्षिणेकडे. मुलं हे मानायला तयार नसतात. सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो आणि सावली उत्तरेला पडते, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. २२ सप्टेंबरच्या सुमारास तीच सावली उत्तरेकडे तेहतीस-चौतीस सेंटिमीटर भरते आणि २२ डिसेंबरला जवळजवळ नव्वद. काठी तीच, अंगणही तेच.

जूनमध्ये ढग आडवे येतात, ही अडचण खरी आहे. मग उघडीप मिळेल त्या दिवशी खूण करायची, तारीख लिहायची, आणि मधल्या गाळलेल्या दिवसांचं काय झालं असेल ते आलेखावर जोडून पाहायचं. इथे गणित आलं. 'सावली दक्षिणेला आठ सेंटिमीटर' हे उत्तरेच्याच अक्षावर लिहायचं तर उणे आठ लिहावं लागतं. ऋण संख्या कशाला हव्यात, हे मुलांना त्या क्षणी मला सांगावं लागत नाही. निरीक्षणाची टिपणं धड वाक्यांत लिहायची म्हटलं की मराठीचा तास झाला. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे वाक्य मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितातही. पण तो कल कुणाला दिसत नाही. नव्वद सेंटिमीटरची सावली दिसते.

किनाऱ्यावरच्या शाळांकडे तर याहून मोठा ठेवा आहे. भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात आहे, आणि कोकणातल्या कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या घरी तिचा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. दिवसातून दोनदा.

आता हा हिशेब वर्गात पंधराव्या तिथीपर्यंत ताणून बघा. पौर्णिमेला येतात सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तासानं पुढे सरकणारी भरती त्या एकाच दिवशी एकदम दीड तास कशी सरकली? चौकस मुलं इथे अडतात, आणि त्यांनी अडलंच पाहिजे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे जाऊन मूळ जागी येते. बारा तासांची मिनिटं सातशे वीस, भागिले पंधरा, म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपट ढोबळ ठरते, चार-पंचमांश नेमकी. मग लोकांनी पाऊणपट का धरली? मला वाटतं, कारण पाऊणकी पाठ असायची. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेत. चार-पंचमांशाचा पाढा कुणाजवळ नव्हता, आणि होडी काढायला पाऊणकीचा अंदाज पुरत होता. परिमेय संख्यांचा धडा शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

याच्याच पुढचा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा हा किल्ला पुढे आंग्र्यांचं ठाणं झाला, आणि १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून केलेला हल्लाही आंग्र्यांनी परतवला. तर तिथे सहल न्यायची आहे. कोणती तिथी धरावी? अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास, वेळ सोयीची. पण अष्टमीला भांगाची भरती. चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमेला उधाण, पाणी लांबवर हटतं, पण ओहोटी येते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. मुलं हिशेब करत करत द्वितीया-तृतीयेपाशी येतात: उधाण सरलेलं नाही आणि ओहोटी सकाळी आठ-साडेआठची. किल्ल्यात किती वेळ थांबायचं आणि परत कधी फिरायचं, हेही त्यातच निघतं. भूगोल, गणित, विज्ञान आणि इतिहास यांतलं काय कुठे संपलं, ते मुलांनाही सांगता येत नाही. सांगायची गरजही नसते.

भाषा, कला, खेळ यांच्याबद्दल आज फार बोलत नाही. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. संविधानाकडे मात्र वळलंच पाहिजे, कारण सातवीचं नागरिकशास्त्र म्हणजे आपलं संविधानच. उद्देशिका मुलांना तोंडपाठ असते, परिपाठाला रोज म्हटलेली असते. सातवीत तिचा अर्थ पहिल्यांदा समोर येतो. हक्क ही तर सगळ्यांत न दिसणारी गोष्ट. तिथेही काठी रोवावी लागते. मी वर्गात विचारत असे, या पुस्तकातलं कोणतं कलम तुमच्या स्वतःबद्दल आहे? शोधायला वेळ लागतो, पण सापडतात. कलम २१-क, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं आलेलं: सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण. कलम २४: चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. सातवीतलं मूल बारा-तेरा वर्षांचं. देशाच्या संविधानात आपल्या वयाचा उल्लेख आहे हे कळलं की मुलं ते पान पुन्हा वाचतात.

एकेकाळी सातवी हा बहुतेकांच्या शिक्षणाचा शेवट होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस गावच्या शाळेत मास्तर होई. आज सातवी हा मधला टप्पा आहे, आणि मधला म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पालकांची नजर दहावीवर. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास सांगतो. भाषा, विज्ञान-गणित आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक हवा, असंही सांगतो. ते शिक्षक मिळालेच पाहिजेत. आणि मिळाल्यावर त्या तिघांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून कुणाचा कोणता धडा कधी येतो ते ताडून पाहिलं पाहिजे. सरळव्याज आणि शेतकऱ्याचं कर्ज, उष्णता आणि वारे, अन्नपदार्थांची सुरक्षा आणि कृषी: हे धडे त्याच वर्षात आहेत, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत पडलेले असतात.

पण महिन्यांचा हिशेब मांडला की एक गोष्ट टाळता येत नाही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि सातवीच्या वर्गातली मुलंही त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे त्या मुलांना जूनची सावली मिळते, डिसेंबरची मिळत नाही. ऋण संख्या मिळतात, समीकरणं अर्धवट राहतात. मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर परीक्षेला बसवून त्यांना आठवीत ढकललं, तरी जोडणारं जे शिक्षण मी आतापर्यंत सांगत होते ते तुटलेलं असतं, आणि पत्रकात ते दिसत नाही. हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ती ऊसतोडीच्या टोळ्यांनी गाव सोडण्याच्या आधी सुरू झाली तर मूल गावात राहतं. नंतर सुरू झाली तर तोवर ते फडावर पोचलेलं असतं. या सभागृहात कारखान्यांचे सभासद आहेत, पंचायतींतले लोक आहेत, शिक्षक तर आहेतच. आपापल्या तालुक्यातलं वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार, हे यंदा ऑगस्टमध्येच विचारा आणि तारीख लेखी घ्या.