नृत्यानें साधलेला संवाद

सन १९४२ मध्यें वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयांत मॅरियन चेस नांवाच्या एक नृत्यशिक्षिका येऊं लागल्या. महायुद्ध चालू होतें. रणांगणावरून मन भंगून परतलेले सैनिक तेथें दाखल होत होते, आणि त्यांच्या शेजारीं वर्षानुवर्षें कोणाशीं एक शब्दही न बोललेले जुने रोगी होते. मनोविकारावर आज सर्रास दिलीं जाणारीं औषधें अमेरिकेंत आलीं तीं १९५४ मध्यें. संभाषणाच्या साह्यानें रोग्याच्या मनांत शिरावयाचें म्हटलें, तर जो मुळीं बोलतच नाहीं त्याच्याशीं संभाषण करावयाचें कसें, हा डॉक्टरांपुढील पेंच होता.

चेसबाईंचें शिक्षण रूथ सेंट डेनिस व टेड शॉन यांच्या डेनिशॉन या विख्यात नृत्यशाळेंत झालें होतें. पुढें वॉशिंग्टनमध्यें त्यांनीं स्वतःची शाळा काढली. नर्तक होण्याची यत्किंचितही आकांक्षा नसलेलीं माणसेंही आपल्याकडे येतात, आणि त्यांना जें मिळतें तें रंगभूमीवरील कौशल्याहून निराळें आहे, हें तेथें त्यांच्या ध्यानीं आलें. तेव्हांपासून पदन्यास शिकविण्यापेक्षां प्रत्येकाचें शरीर काय सांगतें इकडे त्यांची दृष्टि वळली.

रुग्णालयांतील त्यांची रीत अगदीं साधी होती. ग्रामोफोनवर वॉल्ट्झच्या चालीची एखादी तबकडी लावावयाची, आणि एकेकाजवळ जाऊन त्याच्या अंगाच्या हालचालीला आपल्या अंगानें उत्तर द्यावयाचें. कोणी बसल्या जागीं डोलत असेल तर त्याच लयींत डोलावयाचें. कोणी येरझारा घालीत असेल तर त्याच्याच पावलांनीं बरोबर चालावयाचें. ही नक्कल मात्र नव्हे. वेडावून दाखविणें आणि दुसऱ्याची लय आपल्या अंगांत उतरवून घेणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, आणि तें रोग्याला शहाण्यांच्याही आधीं कळतें!

अशा रीतीनें एकेक करून मंडळी वर्तुळांत येत. भोंडल्याच्या फेरांत जशी पहिली आणि शेवटची अशी कोणी नसते, तसेंच येथेंही असे. एकानें हात उंचावला कीं इतर उंचावीत. ज्याची हालचाल सर्वांनीं उचलली त्याला, निदान तेवढा वेळ, आपण एकटे नाहीं असें वाटे. कोणाच्या अंगांत संताप दबलेला असे. तो एकट्यानें प्रकट केला असता तर परिचारकांची धांदल उडाली असती. तोच सर्वांनीं मिळून तालावर पाय आपटले कीं मर्यादेंत राहून बाहेर पडे.

नृत्यानें वेड बरें होतें असें मात्र चेसबाईंनीं म्हटलें नाहीं. आपल्या उपक्रमाला नांव देतांनाही त्यांनीं उपचार हा शब्द न घेतां ‘संवादासाठीं नृत्य’ एवढेंच म्हटलें, हें त्यांच्या विवेकाला शोभण्यासारखें होतें. उपचार हा शब्द पुढें रूढ झाला. १९६६ मध्यें अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. नवीं औषधें येऊन तेव्हां बारा वर्षें लोटलीं होतीं.