डब्यांचा शोध आणि हातातला फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. अमेरिका पाहून आलेल्या भगिनी आता घरोघर आहेत. तेथले रस्ते, तेथला बर्फ आणि तेथली दुकाने यांची वर्णने ऐकून आपले कान किटले आहेत. तेव्हा ते मी काही सांगणार नाही. मी तेथे एक छंद शिकले आणि त्या छंदापायी फोन वापरायला शिकले, एवढेच सांगणार आहे. छंदाचे नाव जिओकॅशिंग.

हे नाव ऐकून आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारले, “म्हणजे फोनच्या कार्डावर पैसे मिळतात का हो?” त्यांचा काही दोष नाही. जिओ म्हटले की आपल्याला फोनचे कार्ड आठवते आणि कॅश म्हटले की रोकड. पण येथे ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, आणि ‘कॅश’ म्हणजे लपवून ठेवलेला साठा. कोणी तरी एक डबी कोठे तरी लपवते व तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करते. बाकीच्यांनी ती हुडकून काढायची, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबी होती तेथे, होती तशी ठेवून यायची. बक्षीस नाही आणि पैसाही नाही.

यजमान गेल्यानंतरच्या मे महिन्यात चिरंजीवांनी मला सहा महिन्यांसाठी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड गावी नेले. मुलगा आणि सूनबाई दोघेही सकाळीच कामावर जात. नातू दहा वर्षांचा. त्याला मराठी समजे, पण उत्तर एका शब्दाचे आणि तेही इंग्रजीत. बाहेर पावसाची भुरभुर आणि मी खिडकीशी बसलेली. घरात कोणी मला काही कमी केले नाही, पण दिवस सरता सरत नसे.

भगिनींनो, आपण घराबाहेर पडतो त्या कामासाठी. भाजी, देऊळ, दवाखाना, बँक, कोणाचे हळदीकुंकू. काम नसताना नुसते पाय नेतील तिकडे जावे, ही सवय आपल्याला कोणी लावली नाही. तेथे मला काहीच काम नव्हते, म्हणून बाहेर पडण्याला कारणही नव्हते. आणि माझा फोन म्हणजे आलेला कॉल घ्यायचा आणि सकाळचे सुप्रभात पाहायचे, एवढाच.

एका शनिवारी नातू डब्या शोधायला निघाला, तेव्हा मुलगा त्याला म्हणाला, “आजीला घेऊन जा.” स्वारीचा चेहरा पडला. तरी गेलो. घरापासून थोड्याच अंतरावर फॉरेस्ट पार्क नावाचे मोठे रान आहे. गावाच्या कुशीतच आहे, पण आत उंच उंच झाडे, खोडांवर शेवाळ आणि खाली नेच्यांची गर्दी. फोनवरचा बाण दाखवी, ऐंशी मीटर, चाळीस मीटर, दहा मीटर. आणि मग बाण उगाच गरगर फिरू लागला. नातू वैतागला. मी इकडे तिकडे पाहिले. एका आडव्या पडलेल्या खोडाच्या पोकळीत सालीचे तुकडे रचून ठेवलेले दिसले. ज्या बाईने जन्मभर फडताळे लावली, तिला कोणी मुद्दाम रचलेले ओळखू येणार नाही काय? साली बाजूला केल्या, तर आत पूर्वी फोटोचे रीळ येई तसली काळी डबी.

नातू पहिल्यांदाच मराठीत पूर्ण वाक्य बोलला. “आजी, तुला कसं कळलं?”

डबीत कागदाची बारीक गुंडाळी होती. मी त्यावर देवनागरीत सही केली. त्याने विचारले, हे अक्षर कोणते, ते कोणते? पुढच्या डबीत त्याने स्वतःचे नाव मराठीत लिहिले. वेलांटी उलटी पडली, पण लिहिले.

मोठ्या डब्यांत लहानसहान वस्तू असतात. एक घ्यायची, तर तितक्याच किंवा अधिक मोलाची एक ठेवायची. आपल्या संक्रांतीच्या वाणासारखेच म्हणा ना! माझ्या बॅगेत वाणाच्या उरलेल्या लहान कुंकवाच्या डब्या होत्या, त्या कामी आल्या. मी तिळाच्या वड्याही ठेवायला निघाले होते, पण नातवाने अडवले. खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही. वासाने जनावरे येतात आणि डबा फोडून टाकतात.

हा छंद निघाला त्याच प्रांतात, हे मला मागाहून कळले. फोनला जागा कळते ती उपग्रहांमुळे. ते अमेरिकन सैन्याचे. सर्वसामान्यांसाठीच्या त्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक मिसळणे बंद झाले. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीक येथे रानाच्या कडेला एक काळी बादली ठेवली. आत पुस्तके, चित्रफिती, एक बेचकी, कडधान्याचा एक हवाबंद डबा आणि एक वही. आकडे जाहीर केले आणि अट घातली, काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी जिओकॅशिंग हे नाव सुचवले, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या डब्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ काढले तेव्हा जगात साऱ्या ७५ डब्या नोंदलेल्या होत्या. आज तीस लाखांच्या घरात आहेत. त्या बादलीच्या जागी आता स्मृतिफलक आहे. आम्ही तेथे गेलो होतो. उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे. शाळेत भूगोलाच्या बाईंनी अक्षांश पाठ करवून घेतले होते, त्याचा उपयोग मला साठीनंतर झाला! मिनिटाचा हा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर दक्षिणोत्तर दोन मीटरही नाही.

आता माझी फजिती सांगते, कारण तिच्यातूनच मी खरे शिकले. जुलैतल्या एका मंगळवारी नातू शिबिराला गेला होता. मी एकटीच निघाले. डबी सापडली, सही केली, आणि परत फिरते तो फोन बंद. सारा वेळ पडदा उजळलेला, बॅटरी संपून गेली. मग ध्यानात आले की मला मुलाच्या घराचा पत्ता ठाऊक नाही! त्याचा नंबरही पाठ नाही. सारे त्या फोनच्या पोटात. मी एका बाकावर बसले. मला रडू आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाई थांबल्या. माझे इंग्रजी मोडके, पण नातवाच्या शाळेचे नाव आठवले. त्यांनी शाळेपर्यंत पोचवले, तेथून पुढचा रस्ता मला माहीत होता. घरी पोचले तेव्हा सूनबाई दारात उभी. मुलगा संध्याकाळी म्हणाला, “आई, आता एकटी जाऊ नकोस. घरीच बस.”

त्याची काळजी खरी होती. तरी ते ‘घरीच बस’ मला फार लागले. चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी माझ्या पर्समध्ये एक कागद मिळाला. त्यावर घराचा पत्ता, दोन नंबर आणि वर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘आजी’. नातवानेच बापाशी रदबदली केली. जाताना सांगायचे, येण्याची वेळ ठरवायची आणि पॉवर बँक जवळ ठेवायची, या तीन अटींवर मला परवानगी मिळाली. परत येईपर्यंत माझ्या खाती एक्केचाळीस डब्या जमा झाल्या.

आता फोनविषयी. या छंदाची निरनिराळी अ‍ॅप आहेत. जिओकॅशिंग नावाचे मूळ अ‍ॅप आहे. अँड्रॉइड फोनवर सी-जिओ नावाचे अ‍ॅप फुकट मिळते. आयफोनवाले कॅशली वापरतात. नकाशावर ठिपके दिसतात. ठिपक्याला बोट लावले की डबीचा आकार, शोधायला किती कठीण आणि वाट किती अवघड, हे एक ते पाचच्या मापाने कळते. आपण एकापासून आरंभ करावा. आधी येऊन गेलेल्यांचे अभिप्राय अवश्य वाचावेत. लागोपाठ तिघांना सापडली नसेल, तर बहुधा डबी जाग्यावर नाही.

पुष्कळांना वाटते की उपग्रह आपल्याला वरून पाहतो. तसे नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतात. निदान चौघांचे सांगणे ऐकून आपला फोनच हिशेब करतो. म्हणून जागा समजण्यास इंटरनेट लागत नाही. नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा. दाट झाडी किंवा उंच इमारती असल्या की संदेश अडतो, आपटून येतो, आणि बाण भरकटतो. अशा वेळी क्षणभर स्थिर उभे राहावे. लोहचुंबकाचे कव्हर असेल तर काढावे, आणि फोन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवावा, म्हणजे होकायंत्र ताळ्यावर येते. शेवटची दहा पावले मात्र फोन खिशात घालून डोळ्यांनी शोधायचे. तेथे आपला हात कोणी धरणार नाही.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईला अशा डब्या आहेत, पण थोड्या. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. आपल्या स्टेशनांवर रोज बजावतात की बेवारस वस्तूला हात लावू नका. ते योग्यच आहे. म्हणून स्टेशन, बाजार, देऊळ, पोलीसचौकी अशा ठिकाणी डबी ठेवणे हा छंद नव्हे, घबराट आहे. जागेच्या मालकाची परवानगी हवी. किल्ले आणि लेणी यांच्या दगडांत काही खुपसायचे नाही. पुरायचे तर कोठेच नाही. अशा जागांसाठी अर्थकॅश नावाचा प्रकार आहे. त्यात डबीच नसते. खडक किंवा दरी नीट पाहून प्रश्नांची उत्तरे पाठवायची. आणि भगिनींनो, आडरानात एकटीने जाऊ नये. दोघीतिघींनी जावे, घरी सांगून जावे.

घरी सांगून जावे म्हणते. घरी विचारून पुढच्या रविवारी, मग पुढच्या महिन्यात, असे म्हणत नाही. गुडघे आहेत तोवर निघावे. काय काम आहे, असे कोणी विचारले तर सांगावे की डबी शोधायची आहे. तेवढे काम पुरे आहे.

सरावासाठी मी माझ्याच अंगणात एक डबी ठेवली आहे. तिचे आकडे मंडळाच्या फळ्यावर लिहिले आहेत. कुंपणाचे फाटक उघडे असेल. येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळात कोणीही यावे, फोन चार्ज करून आणावा आणि पेन्सिल आणावी. मी ओट्यावर बसलेली असेन, पण कोठे आहे ते सांगणार नाही. ज्यांना अ‍ॅप उतरवता येत नाही त्यांनी अर्धा तास आधी यावे. ते मी दाखवीन. माझा फोनवर हात बसला आहे असे नाही, पण चुका कोठे होतात ते मला चांगले ठाऊक आहे.