धुरा आणि शेजार

सावरगाव व पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून गोट्यांचा वर्षाव सुरू होतो. या गोटमारीत माणसे जायबंदी होतात, काही प्राणासही मुकली आहेत; म्हणून तिची वार्ता दूरवर जाते. परंतु तिचा दिवस पंचांगात नेमलेला आहे. शेताच्या बांधावरील, इकडच्या भाषेत धुऱ्यावरील, भांडणाला तिथी लागत नाही. पोळ्याला ज्या बैलाची शिंगे रंगवून पूजा झाली, तोच चार दिवसांनी शेजाऱ्याच्या कपाशीत शिरला की दोन घरांचे बोलणे बंद होते, आणि पुढचा पोळा आला तरी ते सुरू होत नाही.

पूर्वीच्या शेतकऱ्याची भिस्त कुंपणावर फारशी नव्हती. बोरी-बाभळीच्या काट्या रचाव्या, वाळवीने खाल्ल्या म्हणजे पुन्हा तोडून आणाव्या, एवढेच त्याचे कुंपण. खरा पहारा गायकी करी. तो सकाळी आखरावर गावची गुरे गोळा करी, दिवसभर चारी व दिवेलागणीस परत आणी. त्याबद्दल त्याला सालाचे धान्य मिळे. ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणे अडकवीत. कापूस वेचून झाला, तूर निघाली, म्हणजे उलंगवाडी होई. मग कोणाचीही गुरे कोणाच्याही वावरात चरत आणि चाऱ्याच्या मोबदल्यात शेताला शेणखत मिळे. सर्वांची पिके सुमारे एकाच वेळी निघत, म्हणूनच हे जमे. पुढे विहिरी वाढल्या, संत्र्याच्या बागा झाल्या आणि एकाचे वावर मोकळे तर पलीकडच्याचे हिरवेगार, अशी स्थिती आली. कपाशीची दोन तासे गेली तर एका हंगामाचा तोटा होतो. संत्र्याची कलमे खाल्ली गेली तर चार-पाच वर्षांची आशा जाते.

अशा वेळी संतापलेला माणूस कोंडवाड्याची वाट धरतो. पिकाची नासाडी करणारे जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याची सोय १८७१ च्या कायद्याने केली. धन्याने दंड व खुराकीचा खर्च भरून जनावर सोडवावे. न सोडविल्यास जाहीर नोटिशीनंतर त्याचा लिलाव व्हावा. व्यवस्था चोख दिसते खरी. परंतु हा दंड ज्याचे पीक गेले त्याच्या पदरात पडत नाही! भरपाईसाठी त्याला निराळी फिर्याद लावावी लागते. एकाचे पीक गेले, दुसऱ्याचे पैसे गेले, आणि शेजार दोघांचाही गेला.

मोशेचे नियमशास्त्र या बाबतीत अधिक व्यवहारी म्हणावे लागेल. ज्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले त्याने आपल्या शेतातील उत्तम पीक देऊन भरपाई करावी, असा दंडक निर्गमाच्या पुस्तकात आहे. आणि वैऱ्याचा बैल वाट चुकलेला आढळला तर तो त्याच्याकडे पोहोचता करावा, असे पुढच्याच अध्यायात सांगितले आहे. खेड्यातील समजूतदार माणसे हे शास्त्र न वाचताच पाळीत. जनावर बांधून त्याला पाणी दाखवावयाचे, धन्याला निरोप धाडावयाचा, दोघांनी मिळून खाल्लेली तासे मोजावयाची आणि सुगीस तेवढे धान्य द्यावयाचे.

आता धुऱ्यावर काटेरी तार आली आहे. ही तार अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडेन या शेतकऱ्याच्या १८७४ च्या पेटंटातून जगभर पसरली. रानडुकरांसाठी झटका देणारे विजेचे यंत्रही आले आहे. ज्याला हा खर्च झेपतो त्याचे शेत वाचते, आणि तेथून परतलेली गुरे तार नसलेल्या गरिबाच्या शेतात शिरतात. शिवाय ट्रॅक्टर आल्यापासून म्हातारा बैल पोसणे अनेकांना जड वाटू लागले आहे. काहीजण रात्री त्याचे दावे सोडून त्याला दूर हाकलून देतात. अशा बैलाला धरले तरी निरोप धाडावयाचा कोणाला, आणि तासे मोजावयास यावयाचे कोणी? शेतकरी काठी उगारून त्याला धुऱ्याबाहेर काढतो, आणि बैल पलीकडच्या वावरात शिरतो.